टांझानिया: शंभरावर भाषा आणि एक स्वाहिली

गेल्या अंकात या सदरात पूर्व आफ्रिकेतील देशांची तोंडओळख करून देताना, टांझानियात सव्वाशेच्या आसपास वांशिक समूह असूनही तेथे जमातींच्या आधारावर राजकारण फारसे उभे राहिले नाही, असे एक विधान केले होते. त्या एका विधानावर इतकी पत्रे आली की या खेपेचे संपूर्ण सदर त्याच देशाला द्यावे असे ठरले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रांतील मजकूर आवश्यक तेवढाच ठेवला आहे.

प्रश्न: सव्वाशे हा आकडा कोठून आला? मी अन्यत्र दीडशे असाही वाचला आहे. एखाद्या देशात किती भाषा आहेत हे मोजणे इतके अवघड का असावे? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

आकडे वेगवेगळे दिसतात याला दोन कारणे आहेत. पहिले कारण सरकारी आहे. टांझानियाच्या जनगणनेत माणसाची जमात शेवटची विचारली गेली ती १९६७ साली. त्यानंतरच्या जनगणनांतून तो रकाना जाणीवपूर्वक वगळण्यात आला. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ६ कोटी १७ लाख भरली आणि त्यांपैकी सुमारे १९ लाख माणसे झांझिबार बेटांवरची होती, हे नेमके सांगता येते. त्यांत सुकुमा किती आणि चागा किती, हे मात्र अंदाजानेच सांगावे लागते. दुसरे कारण भाषांच्या स्वरूपातच आहे. किलिमांजारोच्या दक्षिण आणि पूर्व उतारांवर राहणाऱ्या लोकांना बाहेरचे लोक ‘चागा’ या एका नावाने ओळखतात, परंतु पश्चिमेकडील माचामेचा माणूस आणि पूर्वेकडील रोंबोचा माणूस आपापल्या बोलीत बोलू लागले, तर एकमेकांचे म्हणणे समजून घेताना त्यांची चांगलीच ओढाताण होते. या एका उतारावर भाषा एक धरायची की तीन-चार, यावर देशाची बेरीज बदलते. दार-एस-सलाम विद्यापीठाच्या भाषा-प्रकल्पाने २००९ मध्ये जो भाषानकाशा प्रसिद्ध केला, त्यात दीडशेच्या आसपास नावे आहेत. सव्वाशे हा अधिक सावध गणनेचा आकडा आहे.

मला स्वतःला संख्येहून अधिक लक्षणीय वाटतात ती या भाषांची घराणी. आफ्रिकेतील भाषांचे जे चार मोठे गट परंपरेने मानले जातात, ते चारही एकाच देशाच्या हद्दीत नांदतात असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, तो देश टांझानिया. बहुसंख्य लोक बांटू घराण्यातील भाषा बोलतात: व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला सुकुमा, त्यांच्या खाली ताबोराकडे न्यामवेझी, सरोवराच्या पश्चिमेला हाया, मध्यभागी दोदोमाभोवती गोगो, इरिंगाच्या पठारावर हेहे, मलावी सरोवराच्या उत्तर टोकाशी न्याक्युसा आणि मोझांबिकच्या सीमेवर, काळ्या लाकडातील कोरीव कामासाठी जगभर प्रसिद्ध असलेले माकोंडे. उत्तरेकडील मसाई, दातोगा आणि लुओ हे लोक निलोटिक भाषा बोलतात. त्यांचे भाषाबंधू केनियापासून दक्षिण सुदानपर्यंत पसरलेले आहेत. म्बुलूच्या पठारावरील इराक्व आणि त्यांचे शेजारी गोरोवा, अलाग्वा व बुरुंगे यांच्या भाषा कुशिटिक घराण्यातील असून त्यांचे नाते इथिओपिया आणि सोमालियाशी जुळते. चौथ्या गटाविषयी पुढच्या प्रश्नात येईलच.

दोदोमाच्या उत्तरेला कोंडोआचा परिसर आहे. तेथे बांटू घराण्यातील रांगी, कुशिटिक घराण्यातील अलाग्वा व बुरुंगे, चौथ्या गटातील सांदावे आणि गुरे घेऊन फिरणारे निलोटिक दातोगा हे सारे दिवसभराच्या प्रवासाच्या टापूत भेटतात. युरोपातील एखाद्या भाषाशास्त्रज्ञाला भाषांमधले इतके अंतर कापण्यासाठी खंड पालथा घालावा लागेल. घराण्यांच्या भिंती नेहमीच पक्क्या असतात असेही नाही. उसांबारा डोंगरातील म्बुगू लोकांच्या ‘माआ’ या बोलीत व्याकरणाचा सांगाडा बांटू आहे आणि शब्दसंपत्तीचा मोठा भाग कुशिटिक वळणाचा आहे. तिला कोणत्या घरात बसवावे यावर भाषाशास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद चालू राहिला.

यांपैकी कोणताही समूह देशात बहुसंख्य नाही. सर्वांत मोठे सुकुमा, आणि तेही लोकसंख्येच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास असावेत असा अंदाज केला जातो. त्यांच्यामागून येणारे समूह खूपच लहान आहेत. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण केनियाविषयीच्या प्रश्नात तो पुन्हा लागणार आहे.

प्रश्न: जिभेने ‘टक्-टक्’ असे ध्वनी काढून बोलल्या जाणाऱ्या भाषा दक्षिण आफ्रिकेत आहेत असे वाचले होते. त्या टांझानियात कशा पोहोचल्या? (भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक)

‘पोहोचल्या’ या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे. सांदावे आणि हाद्झा या दोन भाषांत असे टाळूवर व दातांमागे जीभ आपटून काढलेले व्यंजनध्वनी भरपूर आहेत, आणि केवळ त्या साम्यावरून गेल्या शतकात त्यांना दक्षिणेकडील भाषांसह ‘खोइसान’ या एका मोठ्या घराण्यात टाकण्यात आले. आज बहुतेक अभ्यासक ते घराणे मानत नाहीत. सांदावेचे दक्षिणेकडील खोए भाषांशी दूरचे नाते असू शकेल असे काही पुरावे आहेत. हाद्झाचे मात्र जगातील कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही, आणि सांदावेशीही नाही. पूर्व आफ्रिकेत बांटू, निलोटिक आणि कुशिटिक भाषा बोलणारे शेतकरी व पशुपालक येण्यापूर्वी येथे असे ध्वनी असलेल्या भाषा कितीतरी अधिक असाव्यात आणि या दोन त्यांतील उरलेल्या असाव्यात, अशी मांडणी अधिक पटण्याजोगी आहे.

दोन्ही समाजांची आजची स्थिती सारखी नाही. सांदावे बोलणारे साठ हजारांच्या घरात आहेत. शेती आणि पशुपालन त्यांनी फार पूर्वी स्वीकारले, आणि त्यांची मुले आजही घरी ती भाषा बोलतात, जरी स्वाहिलीचा दाब वाढतो आहे. हाद्झा लोक एयासी सरोवराच्या परिसरात राहतात आणि ते जेमतेम हजार-तेराशे आहेत. त्यांच्यापैकी काहीशे लोक अजूनही शिकार, मध, कंदमुळे आणि गोरखचिंचेची फळे यांवर निर्वाह करतात. हाद्झा भाषा बोलणारे थोडे असले तरी ती मुलांपर्यंत पोहोचते आहे, आणि भाषा टिकण्याचा विचार करताना बोलणाऱ्यांच्या संख्येपेक्षा हे अधिक पाहावे लागते. तिला खरा धोका जमिनीचा आहे. दातोगांची गुरे, इराक्वांची शेते आणि कांद्याचे मळे यांनी त्यांचा टापू सतत आक्रसत गेला. २०११ मध्ये सरकारने काही हाद्झा गावांना येदा खोऱ्यातील जमिनीवर सामूहिक हक्काचे दाखले दिले, आणि त्या रानाचे रक्षण केल्याबद्दल कार्बन-पत (कार्बन क्रेडिट) विक्रीतून त्यांना थोडे उत्पन्नही मिळू लागले. हा हक्क मिळाला नसता, तर भाषेची कितीही ध्वनिमुद्रणे करून ठेवली असती तरी ती केवळ संग्रहालयासाठीच ठरली असती, असे माझे मत आहे.

प्रश्न: स्वाहिली ही तर किनाऱ्यावरच्या लोकांची भाषा. ती सर्वांच्या गळी कशी उतरली? की उतरवली गेली? (एक वाचक, कोल्हापूर)

दोन्ही घडले, पण उतरवणारे हात एकाच सत्तेचे नव्हते. स्वाहिलीचे व्याकरण अस्सल बांटू आहे. अरबी शब्दांचा भरणा मोठा असला तरी देशातील बहुसंख्य लोकांच्या घरच्या भाषेची ती चुलत बहीण लागते, त्यामुळे शिकायला सोपी जाते. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंत आणि गुलाम यांच्या व्यापारासाठी बागामोयोहून ताबोरामार्गे टांगानिका सरोवरावरील उजिजीपर्यंत काफिल्यांच्या वाटा पडल्या. न्यामवेझी हमालांचे तांडे त्या वाटांनी जात-येत, आणि मुक्कामाच्या ठिकाणी बोलायची भाषा स्वाहिली असे. म्हणजे ती आतल्या मुलखात आली ती आधी बाजाराबरोबर.

नंतर जर्मन आले. त्यांच्यापाशी गोरे अधिकारी थोडे होते, म्हणून किनाऱ्यावरील स्वाहिली बोलणारी शिकलेली माणसे ‘आकिदा’ म्हणून आतल्या भागात कारभार पाहायला पाठवण्यात आली. शाळाही स्वाहिलीत काढल्या, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत सरकारी पत्रव्यवहार गावपातळीवर त्याच भाषेत होऊ लागला. स्थानिक जनतेला हे आकिदा बिलकूल प्रिय नव्हते, आणि १९०५ ते १९०७ या काळात दक्षिणेकडील वीसेक समूहांनी मिळून केलेल्या ‘माजी माजी’ उठावात त्यांच्यावरही हल्ले झाले. बंदुकीच्या गोळीचे पाणी करणारे मंतरलेले पाणी मिळाले आहे या विश्वासावर लोक लढले; लढाई आणि त्यानंतर जर्मनांनी धान्य जाळून पाडलेला दुष्काळ यांत ७५ हजारांपासून तीन लाखांपर्यंत माणसे मेली असे अंदाज आहेत. स्वाहिलीच्या दृष्टीने या उठावाचे महत्त्व असे, की निरनिराळ्या भाषांचे लोक प्रथमच एका शत्रूविरुद्ध एकत्र आले, आणि पुढे राष्ट्रवादी चळवळीला सर्वांची म्हणून सांगता येईल अशी एक आठवण मिळाली.

पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ब्रिटिशांकडे आला. त्यांनी १९२८ मध्ये मोंबासा येथे भरलेल्या परिषदेत झांझिबार शहराची बोली प्रमाण मानली आणि १९३० मध्ये आंतरप्रांतीय भाषा समिती नेमून शुद्धलेखन, कोश आणि पाठ्यपुस्तके एका साच्यात आणली. त्याच वेळी, राज्यकारभार जमातींच्या मुखियांमार्फत चालवण्याचे धोरण राबवताना, जेथे सैल आणि सरमिसळ समूह होते तेथे त्यांनी रेघा ओढून ‘जमाती’ पक्क्या केल्या. एका हाताने सर्वांना जोडणारी भाषा घडवायची आणि दुसऱ्या हाताने लोकांना वेगवेगळ्या कप्प्यांत बसवायचे, असा हा कारभार होता.

७ जुलै १९५४ रोजी स्थापन झालेल्या ‘टानू’ या राष्ट्रवादी पक्षाने स्वाहिली आपली केली आणि पक्षाचे नेते, पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले ज्युलियस न्येरेरे देशभर तीच बोलत फिरले. या निवडीला विरोध झाला नाही, याचे मुख्य कारण मला असे दिसते की स्वाहिली मातृभाषा असणारे लोक किनाऱ्यावर आणि बेटांवर, संख्येने थोडे आणि राजकीय बळाने मर्यादित होते. सुकुमा भाषा राष्ट्रभाषा झाली असती तर चागा, हाया आणि न्याक्युसा यांनी ती मुकाट्याने स्वीकारली असती असे वाटत नाही. १९६७ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे माध्यम स्वाहिली झाले आणि त्याच वर्षी ‘बाकिटा’ ही राष्ट्रीय स्वाहिली परिषद स्थापन झाली. न्येरेरे यांनी स्वतः शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणली. राष्ट्राध्यक्षाने सवड काढून नाट्यानुवाद करावेत, हे उदाहरण तसे विरळाच.

प्रश्न: शेजारच्या केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर जमातींमध्ये रक्तपात झाला. टांझानियात तसे झाले नाही याचे श्रेय न्येरेरे यांना द्यावे का? की तेथील समाजच मुळात शांत आहे? (एक वाचक, पुणे)

समाज मुळात शांत असणे वा नसणे यावर माझा विश्वास नाही. केनियात त्या वेळी अकराशेहून अधिक माणसे मारली गेली आणि सहा लाखांच्या आसपास लोक घर सोडून पळाले. पण केनियातील आणि टांझानियातील मसाई वा लुओ लोकांचे आजोबा सीमारेषा आखली जाण्यापूर्वी एकाच मुलखात गुरे चारत होते. तेव्हा फरक राज्यव्यवस्थेत आणि परिस्थितीत शोधला पाहिजे.

आधी परिस्थिती पाहू. ‘केनियात एक समूह फार मोठा, टांझानियात तसा नाही’ असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते, पण ते आकड्यांवर टिकत नाही. २०१९ च्या जनगणनेत किकुयू १७ टक्के भरले, म्हणजे सुकुमांच्या अंदाजित प्रमाणापेक्षा फारसे अधिक नाही. खरा फरक दुसऱ्या क्रमांकापासून सुरू होतो. किकुयू, लुह्या, कालेंजिन, लुओ आणि कांबा हे पाच समूह मिळून केनियाची जवळपास दोन-तृतीयांश लोकसंख्या होते, त्यामुळे दोन-तीन समूहांच्या नेत्यांनी हातमिळवणी केली की सत्ता हाती येते आणि प्रत्येक निवडणूक त्या गणितावर लढवली जाते. टांझानियात अशी बेरीज करायला बसले तर नेत्याला पंधरा-वीस समूहांची मोट बांधावी लागेल. शिवाय सुकुमा लोक राजधानीपासून दूर राहिले. किकुयू मात्र नैरोबीच्या उंबरठ्यावर, गोऱ्या मळेवाल्यांनी बळकावलेल्या जमिनींच्या शेजारी होते. रिफ्ट खोऱ्यातील त्या जमिनी स्वातंत्र्यानंतर कोणाला मिळाल्या, हाच २००७-०८ च्या हिंसेतील सर्वांत जुना आणि खोल व्रण होता. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: १९५० च्या दशकातील माउ माउ या ब्रिटिशविरोधी उठावानंतर ब्रिटिशांनी केनियातील आफ्रिकनांना देशव्यापी पक्ष काढू दिला नाही, केवळ जिल्ह्यापुरत्या संघटना काढायला परवानगी दिली. जिल्हे जमातींनुसार आखलेले असल्यामुळे पक्षही जमातींचेच झाले. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, ‘टानू’ला देशभर शाखा काढता आल्या.

या अनुकूल परिस्थितीवर न्येरेरे यांनी इमारत बांधली, आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ते स्वतः माराच्या परिसरातील झानाकी या अगदी लहान समूहाच्या मुखियाचे पुत्र होते, तरीही १९६३ मध्ये त्यांनी मुखियांचे अधिकार कायद्याने संपवले. माध्यमिक शाळेतील मुलांना दूरच्या प्रांतातील वसतिगृहांत पाठवले जाई, सरकारी नोकरांची बदली मुद्दाम परमुलखात होई, आणि पाठ्यपुस्तकांत साऱ्या देशाचा एक इतिहास शिकवला जाई. १९९२ च्या राजकीय पक्ष कायद्याने जमात, धर्म वा प्रदेश यांच्या नावावर पक्ष काढायला बंदी घातली. या धोरणांचा परिणाम मोजण्याचा एक चांगला प्रयत्न एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञाने केला. सीमेच्या अलीकडचा-पलीकडचा, भूगोलाने मिळताजुळता मुलूख म्हणून त्यांनी केनियातील बुसिया आणि टांझानियातील मेआतू हे जिल्हे निवडले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, बुसियात ज्या भागांत जमातींची सरमिसळ अधिक, तेथे शाळेसाठी गावकऱ्यांकडून जमणारी वर्गणी कमी असे. मेआतूत असा संबंध आढळला नाही.

मात्र याची एक बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे सारे एकपक्षीय राजवटीत घडले. १९७३ नंतर ‘उजामा’ या समाजवादी योजनेतील सामूहिक गावांत लाखो कुटुंबांना हलवण्यात आले, ते पुष्कळदा बळजबरीने. झांझिबारमध्ये जानेवारी १९६४ च्या क्रांतीत हजारो माणसे मारली गेली, त्यांत अरब सर्वाधिक होते आणि भारतीयही होते. त्या बेटांवर निवडणुकीच्या वेळी तेढ आजही उफाळते. आणि ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीच्या वेळी देशात जो रक्तपात झाला तो जमाती-जमातींतला नव्हता, सत्ता आणि विरोधक यांच्यातला होता. जमातवाद नसणे म्हणजे लोकशाही असणे नव्हे, एवढे पुण्याच्या वाचकांनी आपल्या टिपणात जोडून घ्यावे.

प्रश्न: मग बाकीच्या सव्वाशे भाषांचे काय झाले? त्या शाळेत शिकवतात का? आणि उच्च शिक्षण स्वाहिलीतूनच होते का? (एक पालक, ठाणे)

शाळेत त्या शिकवत नाहीत. इतकेच नव्हे, तर नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या परवान्यांचे नियम स्वाहिली व इंग्रजी याच भाषांत प्रसारण करण्याचे बंधन घालतात. केनियात किकुयू, कालेंजिन आणि लुओ भाषांची खासगी केंद्रे दिवसभर वाजत असतात, परंतु तेथेही सारे गोड नाही: २००७-०८ च्या हिंसेला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून एका कालेंजिन केंद्राच्या निवेदकावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला, जो २०१६ मध्ये पुराव्याअभावी संपुष्टात आला. टांझानियाचे अधिकारी या उदाहरणाकडे बोट दाखवून आपल्या बंदीचे समर्थन करू शकतात. मला ते समर्थन अपुरे वाटते. सुकुमा वा मसाई भाषेतून शेतीची किंवा लसीकरणाची माहिती दिल्याने देश फुटत नाही, आणि ज्या आजीला स्वाहिली नीट समजत नाही तिला ती माहिती मिळत नाही.

खेड्यांत या भाषा अजून घट्ट आहेत. शहरांत मात्र आई एका समूहाची, वडील दुसऱ्या, शेजार तिसऱ्या, आणि मूल एकट्या स्वाहिलीत वाढते, असे चित्र सर्वत्र दिसते. आफ्रिकेत इतरत्र देशी भाषांना इंग्रजी वा फ्रेंच गिळते आहे असे म्हणतात. येथे ते काम एक आफ्रिकी भाषाच करते आहे, आणि म्हणून त्याविषयी हळहळणारे थोडे आहेत.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मराठी पालकांना परिचित वाटेल. सरकारी प्राथमिक शाळेची सात वर्षे स्वाहिलीतून झाली, की माध्यमिक शाळेत पहिल्या दिवसापासून सारे विषय इंग्रजीतून सुरू होतात, आणि शिक्षक वर्गात गुपचूप स्वाहिलीत समजावून परीक्षा मात्र इंग्रजीत घेतात. माध्यमिक शिक्षणही स्वाहिलीतून देण्याची वाट मोकळी करणारे धोरण २०१५ च्या प्रारंभी वाजतगाजत जाहीर झाले होते. इंग्रजी तेथून हलली नाही. ऐपत असलेले पालक मुलांना आरंभापासूनच इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घालतात. न्यायालयांच्या बाबतीत मात्र २०२१ मध्ये कायदा बदलून स्वाहिलीला प्राधान्य देण्यात आले.

प्रश्न: या देशातील विविधतेत आपल्या लोकांचा काही वाटा आहे का? गुजराती व्यापाऱ्यांविषयी ऐकले आहे, महाराष्ट्र आणि गोव्याचा संबंध कसा? (एक वाचिका, मडगाव)

झांझिबार आणि दार-एस-सलाम येथील भारतीय समाजात कच्छी आणि गुजराती बोलणारे खोजा, बोहरा, भाटिया आणि इतर लोक सर्वाधिक. ‘एशियन’ या एका शिक्क्याखाली ते मोजले जात, पण आपसांत विवाह, प्रार्थनास्थळे आणि शाळा यांच्या भिंती पक्क्या होत्या. वसाहतकाळातील जनगणनांत गोवेकरांची मोजणी भारतीयांपासून निराळी होत असे, कारण ते पोर्तुगीज प्रजाजन. कारकून, शिंपी, आचारी आणि वादक म्हणून ते आले. झांझिबारच्या सुलतानाच्या वाद्यवृंदात गोवेकरच असत. ऑक्टोबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, नागरिकत्व वंशानुसार द्यावे अशी मागणी कायदेमंडळात झाली तेव्हा न्येरेरे यांनी राजीनाम्याची धमकी देऊन ती हाणून पाडली, आणि भारतीय वंशाचे अमीर जमाल पुढे अनेक वर्षे त्यांच्या मंत्रिमंडळात होते, अर्थमंत्रीही झाले. तरीही १९७१ मध्ये मोठ्या इमारती सरकारजमा करण्याचा कायदा झाला आणि त्यानंतर भारतीयांची मोठी संख्या ब्रिटन व कॅनडाकडे निघून गेली.

महाराष्ट्राचा संबंध उलट दिशेचा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश नौदल पकडी, तेव्हा सुटका झालेल्या मुलांना मुंबईला आणले जाई. नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आफ्रिकी आश्रमात त्यांच्यापैकी अनेक जण शिकले. याओ समूहातील जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. याओ लोक आज दक्षिण टांझानिया, मलावी आणि मोझांबिक या तीन देशांत विभागलेले आहेत. आफ्रिकेत फिरलेले ब्रिटिश मिशनरी व शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांचे शव खांद्यावरून बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या मंडळींत वेनराइट होता, आणि पुढे लंडनला अंत्यविधीलाही तो हजर होता. १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे त्याचा मृत्यू झाला.

प्रश्न: मसाई हीच टांझानियाची ओळख असे पर्यटनाच्या जाहिरातींतून वाटते. त्यांची खरी स्थिती काय? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

जाहिरातींत सर्वांत पुढे आणि लोकसंख्येत बरेच मागे, अशी त्यांची स्थिती आहे. १९५९ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून मसाईंना हलवताना, शेजारच्या न्गोरोंगोरो क्षेत्रात त्यांना गुरांसह राहता येईल असे आश्वासन देण्यात आले होते. आता तेथील लोकसंख्या आणि गुरे वाढल्याचे कारण देऊन सरकारने त्यांना टांगा प्रांतातील म्सोमेरा येथे हलवण्याची मोहीम चालवली आहे, आणि जून २०२२ मध्ये लोलिओंडो येथे सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर जमीन राखीव करण्यासाठी खांब रोवले जात असताना पोलीस आणि मसाई यांच्यात संघर्ष झाला. टांझानियाचे सरकार कोणत्याही समूहाला ‘आदिवासी’ असा वेगळा दर्जा देत नाही. सर्व आफ्रिकी नागरिक सारखेच मूळ रहिवासी आहेत, अशी त्याची भूमिका आहे. जमातींना समान लेखणारे हे तत्त्व राजकारणात उपयोगी पडले, परंतु ज्यांची उपजीविका जमिनीच्या मोकळ्या वापरावर चालते, त्या मसाई आणि हाद्झांना कायद्यात बोट ठेवायला जागा त्यामुळे उरत नाही.

प्रश्न: आम्ही दोघे सुट्टीत तेथे जाणार आहोत. लोकांना त्यांची जमात विचारणे उद्धटपणाचे ठरेल का? (एक दांपत्य, सांगली)

नाही. तेथे ओळख झाल्यावर लोक एकमेकांना हा प्रश्न सहज विचारतात, आणि उत्तर ऐकून पुष्कळदा हशा पिकतो. ‘उतानी’ नावाची जुनी प्रथा याचे कारण आहे: ठरावीक समूहांच्या लोकांनी एकमेकांची थट्टा करायची आणि कोणी रागवायचे नाही. चागा आणि पारे यांच्यातील थट्टा सर्वांना ठाऊक आहे. चागा पैशाला चिकट, तर पारे दमडीसाठी कोर्टकचेऱ्या करणारे, असे विनोद दोन्हीकडून चालतात. एके काळी हे नाते अंत्यविधीतही पाळले जाई, आणि दुःखाच्या घरी हसवण्याचा हक्क ‘म्तानी’लाच, म्हणजे थट्टेचे नाते असलेल्या माणसालाच, असे. पाहुण्याने मात्र या थट्टेत स्वतः उतरू नये. वयाने मोठ्या माणसाला भेटताच ‘शिकामो’ म्हणावे. ‘मराहाबा’ असे उत्तर येईल. हाद्झांच्या वस्तीवर जायचे असल्यास स्थानिक वाटाड्यामार्फत गावाची परवानगी घेऊन, ठरलेले शुल्क भरूनच जावे, आणि छायाचित्र काढण्याआधी विचारावे.